बेशरमाचं मूळ गाव

रस्त्यातल्या खड्ड्यात बेशरमाची फांदी रोवून आंदोलन करायचं, किंवा दाद न देणाऱ्या साहेबांच्या टेबलावर बेशरमाच्या फुलांचा गुच्छ नेऊन ठेवायचा, हा महाराष्ट्रातला निषेधाचा रुळलेला प्रकार आहे. नाल्याकाठी, कालव्याच्या भरावावर, तलावाच्या गाळात ही फिकट गुलाबी-जांभळी फुलं वर्षाचा बहुतेक काळ दिसतात, त्यामुळे झाड इथलंच असावं असं वाटतं. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं आहे. शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया, कुळ रताळ्याचं. तिकडे याच जातीचं एक रूप झाडाझुडपांवर चढणारी रानवेल म्हणून वाढतं. आपल्या वाट्याला आलं ते दुसरं, ताठ उभं राहणारं रूप. बेशरमाला आपण ज्या गुणांसाठी नावं ठेवतो, ते सगळे त्या मुलखातल्या पुरांनी आणि दुष्काळांनी घडवलेले आहेत. आणि ज्या विषासाठी ते बदनाम आहे, त्यातलं मुख्य विष तर त्याचं स्वतःचंही नाही.

गोतावळा

आयपोमिया ही फार मोठी प्रजाती आहे. जगभरात तिच्या सुमारे 800 जाती मानल्या जातात, आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासग्रंथात एकट्या अमेरिका खंडांतल्या 425 जातींची नोंद आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त गोतावळा तिकडचाच. उपवासाला चालणारं रताळं याच प्रजातीतलं आणि तेही अमेरिकेतूनच आलेलं. कुंपणावरची लाल चांदण्यांसारख्या फुलांची गणेशवेल तिकडचीच. कोकणच्या पुळणीवर पसरणारी मर्यादवेल आणि पाण्यावर तरंगणारी नाळीची भाजी याही आयपोमियाच.

या मंडळींच्या काही खुणा समान असतात. खोड किंवा पान तोडलं की पांढरा चीक येतो. कळी पीळ घातल्यासारखी गुंडाळलेली असते. फूल पाच पाकळ्या जोडून झालेल्या कर्ण्यासारखं असतं आणि ते एकच दिवस टिकतं. बेशरमात या सगळ्या खुणा आहेत. फक्त वेलीसारखं वळणं तेवढं त्याने बरंचसं सोडून दिलं आहे.

एक जात, दोन रूपं

निकोलाउस योझेफ फॉन जॅकिन हा लायडनमध्ये जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ. व्हिएन्नाच्या शाही बागेसाठी झाडं गोळा करायला त्याला 1754 मध्ये कॅरिबियन बेटांकडे पाठवण्यात आलं. त्या प्रवासात तो आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरापर्यंत पोचला, आणि तिथल्या नमुन्यावरून 1760 मध्ये त्याने आयपोमिया कार्निया हे नाव जाहीर केलं. त्याने पाहिली ती वेल होती.

पुढे 1817 ते 1820 या काळात कार्ल फ्रीडरिश फिलिप फॉन मार्टियुस या जर्मन शास्त्रज्ञाने ब्राझील पालथा घातला. त्याला जे भेटलं ते उभं झुडूप होतं, खोड आतून पोकळ. पोकळ नळीवरून त्याने ‘फिस्टुलोसा’ हे नाव योजलं, आणि जिनिव्हाच्या शॉइझी यांनी 1845 मध्ये ते रीतसर छापलं. शंभराहून जास्त वर्षं ही दोन वेगळ्या जातींची नावं म्हणून चालली. मध्यंतरी आणखीही नावं पडली. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत कुठे ‘फिस्टुलोसा’ तर कुठे ‘क्रासिकॉलिस’ दिसतं, ते सगळं हेच झाड. अखेर 1977 मध्ये डॅनियल ऑस्टिन यांनी दोन्ही रूपं तपासून ती एकाच जातीच्या दोन उपजाती ठरवल्या. आज बहुतेक तज्ज्ञ हेच धरून चालतात.

फरक डोळ्यांनी कळण्यासारखा आहे. ‘कार्निया’ उपजातीचं पान जवळजवळ लांबीइतकंच रुंद, हृदयाच्या आकाराचं असतं आणि खोड आधार शोधत लांबत जातं. मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेमार्गे कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोर, उत्तर पेरूपर्यंतच्या कोरड्या, पानगळीच्या जंगलांत आणि झुडपी रानांत ती सापडते. ‘फिस्टुलोसा’चं पान लांबट, टोकाकडे निमुळतं, कधीकधी वीतभराहूनही लांब. खोड दोन-तीन मीटर सरळ उभं. ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनातल्या सखल, पाणी तुंबणाऱ्या मैदानांत तिचा मुख्य वावर. लागवडीमुळे आणि पुरांमुळे ती इतकी पसरली आहे की तिच्या मूळ मुलखाची नेमकी हद्द आखणं आता अवघड झालं आहे.

फूल आणि बी

फुलं सकाळी उमलतात आणि दुपार कलेपर्यंत मलूल होतात. रुंदी साधारण पाच ते नऊ सेंटिमीटर, रंग फिकट गुलाबी-जांभळा, घसा गडद. पाच पुंकेसर असतात आणि त्यांची उंची सारखी नसते. परागकण मोठे व काटेरी असतात, ते मधमाश्यांच्या केसांना चिकटतात. दक्षिण अमेरिकेत मेलिटोमा नावाच्या मधमाश्या याच कुळाच्या फुलांवर खास अवलंबून असतात. काळे, मोठे सुतारभुंगे मात्र सगळीकडेच लबाडी करतात. घशातून आत शिरण्याचे कष्ट न घेता ते फुलाच्या बुडाला चीर पाडून मध पितात, परागकणांना हातही लावत नाहीत. आपल्याकडचे भुंगेही तेच करताना दिसतील.

स्वतःच्याच परागांवर हे झाड सहसा फळत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. एकाच फांदीपासून वाढलेल्या गर्दीत फुलं भरपूर आणि फळं मोजकी, असं दृश्य दिसतं ते त्यामुळेच. फळ म्हणजे बोंड. वाळल्यावर चार भागांत उकलतं आणि आत बहुधा चार बिया निघतात. बियांवर तपकिरी, रेशमी, लांब केस असतात. ब्राझीलमध्ये या झाडाला ‘अल्गोदाँउ-ब्रावू’, म्हणजे रानटी कापूस, म्हणतात ते या केसांवरून. हे केस कातायच्या उपयोगाचे नाहीत. पाण्यावर तरंगत दूर जायला मात्र बीला त्यांची मदत होते.

मुंग्यांची राखण

फुलातल्या मधाखेरीज या झाडाकडे मधाचे आणखी दोन साठे आहेत आणि दोन्ही फुलाबाहेर. पानाचा देठ पात्याला जिथे मिळतो, तिथे दोन बाजूंना बारीक ग्रंथी असतात. फुलाच्या बुडाशीही तशाच ग्रंथी असतात. त्यांतून साखरेचं पाणी झिरपतं. या मधाचा परागीभवनाशी संबंध नाही. तो मुंग्यांसाठी असतो.

कॅथलीन कीलर या अमेरिकन शास्त्रज्ञ महिलेने कोस्टा रिकातल्या वेलींवर या ग्रंथींचा अभ्यास करून तो 1977 मध्ये प्रसिद्ध केला. मुंग्या मधासाठी पानापानावर फिरत राहतात आणि फिरता फिरता पानं, कळ्या खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. झाडाला राखण मिळते, मुंग्यांना साखर. कळीच्या वयात आणि फळ धरताना झाडाचं सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं, आणि राखणीची सोय नेमकी तिथेच केलेली आहे.

सगळेच किडे मात्र या पहाऱ्याला भीत नाहीत. कासवासारखी ढाल पांघरलेले भुंगेरे या कुळाच्या पानांवरच जगतात. ढालीची कड पानाला टेकवून बसले की मुंगीला धरायला काही सापडत नाही. आपल्याकडेही बेशरमाच्या पानांवर काळ्या ठिपक्यांचे, पिवळसर चकाकणारे कासव-भुंगेरे सहज दिसतात, आणि त्यांनी केलेल्या भोकांनी पानांची जाळी झालेली असते. कॉलेजातल्या मुलांना कीटक आणि वनस्पती यांचं नातं शिकवायला याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही. ती फाटकाबाहेरच्या नाल्यात फुकट मिळते.

पूर, दुष्काळ आणि पोकळ खोड

फिस्टुलोसाचा स्वभाव कळायचा तर पांतानाल समजून घ्यावं लागतं. ब्राझील, बोलिव्हिया आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरचा हा अवाढव्य पाणथळ प्रदेश. पॅराग्वे नदीच्या या खोऱ्यात उतार इतका कमी आहे की पावसाचं पाणी महिनोन्‌महिने सपाटीवर रेंगाळत खाली सरकतं. मग तीच जमीन कोरड्या ऋतूत भेगाळते. वर्षातले काही महिने मुळं बुडालेली आणि काही महिने तहानलेली, अशा जागी टिकायचं तर दोन्ही परिस्थितींची तयारी लागते.

बेशरमाची तयारी अशी: पाणी चढलं की बुडालेल्या पेरांवर नवी मुळं फुटतात आणि ती उथळ, थोडा प्राणवायू असलेल्या पाण्यातून काम भागवतात. पोकळ खोड हलकं असल्यामुळे मोडलेली फांदी बुडत नाही, तरंगत जाते आणि पाणी ओसरेल तिथे चिखलाला लागून रुजते. दुष्काळात चिकाने भरलेलं खोड आणि खोल गेलेली मुळं त्याला हिरवं ठेवतात. वरून कापलं, जाळलं तरी बुंध्यातून नवे फुटवे येतात. पांतानालमधल्या गुरांच्या कुरणांत या झाडाची दाट बेटं होतात आणि गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. इतर गवत चरलं जातं तसं याला मैदान आणखी मोकळं मिळत जातं.

आपल्या गावाबाहेरचं धरणाचं बुडीत क्षेत्र आठवून पाहा. पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात उघडं पडतं, कडेला गुरं चरतात. कालवा, पाझर तलाव, गटार, रस्त्याच्या कडेचा मातीसाठी खणलेला खड्डा, या सगळ्यांचं वेळापत्रक पांतानालच्या जवळपास जाणारं आहे. बेशरमाला इथे नवीन काही शिकावं लागलं नाही.

शेळ्या का मरतात

ब्राझीलच्या ईशान्य भागात या झाडाचं आणखी एक नाव आहे, ‘माता-काब्रा’, शेळ्या मारणारं. तिथल्या दुष्काळी पट्ट्यात उन्हाळ्यात सगळं रान करपतं आणि हिरवं उरतं ते हेच. चांगला चारा असताना शेळी याला सहसा तोंड लावत नाही. उपासमार झाली की खाते, आणि एकदा सवय लागली की दुसरा चारा समोर असूनही हेच शोधत जाते. कळपातली एक शेळी खाऊ लागली की बाकीच्याही तिचं पाहून शिकतात. ॲमेझॉनच्या मुखावरच्या माराजो बेटावरही शेळ्यांमध्ये ही विषबाधा नोंदली गेली आहे. आफ्रिकेत सुदान आणि मोझांबिकमध्येही असे प्रकार घडले आहेत.

हे विष एका घासात मारत नाही. काही आठवडे रोज खाल्ल्यावर जनावर खंगतं, केस राठ होतात, मान थरथरते, मागचे पाय लटपटतात. डोकं वर उचललं की तोल जाऊन पडतं. अखेरीस उठता येत नाही.

यामागचं मुख्य रसायन म्हणजे स्वेन्सोनीन. ऑस्ट्रेलियातल्या स्वेनसोना नावाच्या रानवनस्पतीतून ते 1979 मध्ये प्रथम वेगळं काढण्यात आलं, म्हणून हे नाव. प्राण्याच्या पेशीत जुन्या, टाकाऊ साखर-साखळ्या तोडणारी काही एन्झाइम्स असतात, त्यांतल्या अल्फा-मॅनोसिडेज नावाच्या एन्झाइमला स्वेन्सोनीन बंद पाडतं. मग अर्धवट तुटलेल्या साखळ्या पेशीत साठत जातात आणि पेशी फुगून पोकळ्यांनी भरते. मेंदूच्या मागच्या भागातल्या, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या पेशींना याचा फटका फार बसतो, म्हणून जनावर आधी अडखळतं. माणसांत हेच एन्झाइम जन्मतः सदोष असण्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यातही पेशींची अवस्था अशीच होते. वेळीच झाड खाणं थांबलं तर साठलेलं निघून जातं आणि शेळी सुधारते. मज्जापेशी मेल्यानंतर मात्र उपाय नाही. याच रसायनाची कर्करोगावरचं औषध म्हणूनही रुग्णांवर चाचणी झाली होती, पण त्यातून वापरात येण्यासारखं औषध निघालं नाही.

हे विष तयार कोण करतं, या प्रश्नाचं उत्तर 2013 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दिलं. बेशरमात एक बुरशी राहते. रोगासारखी नाही, कायमच्या सोबत्यासारखी, आणि बियांवाटे ती पुढच्या पिढीतही जाते. बिया बुरशीनाशकाने धुऊन त्यांपासून रोपं वाढवली, तेव्हा त्या रोपांत स्वेन्सोनीन सापडलंच नाही. कॅलिस्टेजिन नावाची दुसरी काही अल्कलॉइडं मात्र तशीच होती, म्हणजे ती झाड स्वतः बनवतं. बुरशीला राहायला घर आणि खायला अन्न मिळतं, झाडाला गुरांपासून संरक्षण. किड्यांसाठी मुंग्या आणि चरणाऱ्यांसाठी बुरशी, अशी या झाडाने राखणीची सगळी कामं दुसऱ्यांकडून करून घेतलेली आहेत. मला या वनस्पतीबद्दल सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. चिवटपणा काय, घाणेरी आणि गाजरगवतातही आहे.

भारतात

शोभेचं आणि कुंपणाचं झाड म्हणून ते भारतात आणलं गेलं. लावणं सोपं: फांदी खोचली की झालं. गुरं खात नाहीत, म्हणून शेताच्या बांधावर फुकटचं कुंपण. मग पुराने फांद्या नेल्या आणि पुढचं काम झाडाने स्वतः केलं. हिंदी पट्ट्यात ते बेहया, बंगालमध्ये ढोलकलमी झालं.

उपयोग अगदीच नाहीत असं नाही. वाळक्या काड्यांचं सरपण होतं, कुडाच्या भिंतींत आणि मांडवावर काड्या वापरतात, पूर्वी मास्तरांच्या हातातली छडीही बऱ्याचदा याचीच असे. वाळवून गांडूळखतात वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. हे फायदे एका पारड्यात आणि दुसऱ्या पारड्यात तलावांचे काठ ठेवले तर दुसरं पारडं खाली जातं. बेशरमाची भिंत उभी राहिली की उथळ पाण्यातलं लव्हाळं आणि गवत मागे हटतं, चिखलात चरणाऱ्या पाणपक्ष्यांची मोकळी जागा जाते, गाळ अडकून काठ आत सरकतो आणि कालव्याचा प्रवाह तुंबतो. पाणथळींपुरतं बोलायचं तर हे उपद्रवी झाड आहे, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

नाळीच्या भाजीशी गल्लत नको

नाळीची भाजी खुडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. दोन्हींचं खोड पोकळ, दोन्हींना चीक, दोन्ही पाण्याकाठी आणि फुलंही सारख्या घडणीची. नाळीची भाजी मात्र जमिनीलगत किंवा पाण्यावर पसरते, खोड शेवटपर्यंत कोवळं, रसरशीत राहतं आणि फूल लहान असतं. बेशरमाचं खोड उभं, खाली लाकडासारखं, पान मोठं आणि जाडसर. कोवळा फुटवा पाहून शंका आली तर तो कुठून निघाला आहे ते खाली वाकून पाहा. लाकडी बुंध्यातून निघाला असेल तर खुडू नका.

काढायचं असेल तर

नुसतं कापून भागत नाही, कारण बुंधा पुन्हा फुटतो. पाणी उतरलेलं असताना, म्हणजे उन्हाळ्यात पहिल्या पावसाआधी, बुंध्यासकट मुळं खणून काढावीत. चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देऊ शकतो, म्हणून हातमोजे घालावेत. काढलेला माल काठावर किंवा ओल्या जमिनीवर टाकू नये. एका पेराचा तुकडाही रुजायला पुरतो. कोरड्या, टणक जागेवर ढीग करून काड्या कडकडीत वाळू द्याव्यात आणि मगच सरपणाला किंवा खताला न्याव्यात. पुढची दोन पावसाळी वर्षं त्या जागेवर लक्ष ठेवून नवे फुटवे उपटावे लागतात. श्रमदानात नेमकं हेच राहून जातं.

शेळ्या पाळणाऱ्यांनी गोठ्याजवळ किंवा चराईच्या वाटेवर बेशरमाचं कुंपण ठेवू नये आणि कापलेल्या फांद्या जनावरांपुढे टाकू नयेत. टंचाईच्या काळात एखादी शेळी हे झाड शोधून खाताना दिसली तर तिला लगेच कळपातून वेगळी बांधा, दुसरा चारा द्या आणि पाय लटपटण्याची वाट न पाहता जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.